खासदार, विधेयक आणि 'पाठिंबा' : खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

संसदेचं अधिवेशन संपलं की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर रंगीत कार्डं फिरायला लागतात. 'आपल्या लाडक्या खासदारांचा या अधिवेशनात इतक्या-इतक्या विधेयकांना पाठिंबा', वर पक्षाचं चिन्ह, खाली टाळ्यांची रांग. विरोधी गटाचं कार्ड तासाभरात येतं, 'यांनी शेतकऱ्याच्या विरोधात मत दिलं' म्हणून. दोन्ही कार्डांखाली लोक जे विचारतात, त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. २०२४ मध्ये खान्देशानं दोन खासदार भाजपचे आणि दोन काँग्रेसचे पाठवले. त्यामुळे इथलं कुठलंही उत्तर एकाच बाजूला टोचणार नाही, दोन्हींना सारखंच टोचेल.

खान्देशाचे खासदार नेमके किती?

लोकसभेत चार : नंदुरबार (अनुसूचित जमातींसाठी राखीव), धुळे, जळगाव आणि रावेर. गोंधळ होतो तो मतदारसंघाच्या आणि जिल्ह्याच्या हद्दी जुळत नाहीत म्हणून. साक्री आणि शिरपूर हे तालुके धुळे जिल्ह्यातले, पण त्यांचं मत नंदुरबारच्या खासदाराला जातं. उलट धुळे मतदारसंघात नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव आणि बागलाण येतं, आणि रावेरमध्ये थेट बुलढाणा जिल्ह्यातलं मलकापूर. शिरपूरचा माणूस धुळ्याच्या खासदाराचं मतदान शोधत बसला तर तो चुकीच्या माणसाचा हिशेब मांडतोय.

२०२४ ला नंदुरबारमधून गोवाल पाडवी, धुळ्यातून शोभा बच्छाव (दोघं काँग्रेस), जळगावातून स्मिता वाघ आणि रावेरमधून रक्षा खडसे (दोघी भाजप) निवडून आल्या-आले.

'आमना खासदार दिल्लीमा काय करस?' विधेयकाला पाठिंबा देतो म्हणजे काय करतो?

इंटरनेटवर हा प्रश्न टाकला की अमेरिकेची उत्तरं येतात. तिथे एखाद्या विधेयकावर इतर सदस्यही सहप्रस्तावक म्हणून नाव घालतात आणि त्याची यादी जाहीर असते. आपल्याकडे अशी यादी नसते. सरकारी विधेयक मंत्री मांडतात, त्यावर खासदारांच्या सह्या नसतात.

मग पाठिंबा दिसतो कुठे? चर्चेत बाजूनं बोलण्यात. मतदानात, तेही नोंद झाली तर. समितीत बसून मसुदा तपासण्यात. आणि जो बाजूनं आहे पण एक-दोन कलमं खटकतात, त्यानं दिलेल्या दुरुस्ती सूचनेत. ही शेवटची जागा मला सगळ्यात बोलकी वाटते. कारण दुरुस्ती सुचवायची तर विधेयक वाचावं लागतं.

कार्डावरचा 'इतक्या विधेयकांना पाठिंबा' हा आकडा बहुतेक वेळा एवढाच असतो की त्या अधिवेशनात सरकारनं इतकी विधेयकं मंजूर करून घेतली आणि खासदार सत्ताधारी बाजूचे आहेत. तो आकडा एका खासदाराचा नसतो. त्याच बाजूच्या सगळ्या बाकांचा तोच असतो.

कोणी कुठे मत दिलं हे लिहून ठेवत नाहीत का?

बहुतेक वेळा नाही, आणि लोकांना सर्वांत जास्त धक्का याच उत्तराचा बसतो. बरीच विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात. अध्यक्ष विचारतात, बाजूचे 'हाँ' म्हणतात, विरोधातले 'ना' म्हणतात, आणि अध्यक्ष निर्णय जाहीर करतात. ग्रामसभेत ग्रामसेवक ठराव वाचतो आणि मागून 'मंजूर, मंजूर' येतं, तसंच. कोण म्हणालं ते इतिवृत्तात येत नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये कृषी विधेयकं राज्यसभेत गदारोळात आवाजी मतदानानं मंजूर झाली. मतविभाजन, म्हणजे मतांची नावनिशी मोजणी, मागितलं होतं, ते दिलं नाही, यावरूनच मोठा वाद झाला. पुढे २९ नोव्हेंबर २०२१ ला ते कायदे मागे घेणारं विधेयकही दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी, चर्चेविना, आवाजीनंच मंजूर झालं. आणताना राज्यसभेत नावनिशी नोंद नाही, काढताना दोन्हीकडे नाही. ऑगस्ट २०२५ मधलं ऑनलाइन गेमिंगचं विधेयकही आवाजीनं गेलं.

म्हणजे 'अमुक खासदारानं अमुक विधेयकाला मत दिलं' असं कुणी छातीठोक सांगितलं, तर पहिला प्रश्न विचारा : त्यावर मतविभाजन झालं होतं का? नसेल, तर भाषण किंवा निवेदन दाखवा म्हणावं.

मतविभाजन कधी होतं, आणि ते कसं चालतं?

आवाजीच्या निकालाला एखाद्या सदस्यानं हरकत घेतली की. अध्यक्ष लॉबी मोकळी करायला सांगतात आणि घंटा सुरू होते. लोकसभेत ती साडेतीन मिनिटं वाजते. कँटीनमध्ये, वाचनालयात, पत्रकारांच्या घोळक्यात जे कोणी असतील ते धावत आत येतात. मग दारं बंद. बाकावर बाजूचं, विरोधातलं आणि तटस्थ अशी बटणं असतात. फलकावर हिरवा, लाल, पिवळा दिवा लागतो. ज्यांचं यंत्र चाललं नाही किंवा चुकीचं बटण दाबलं गेलं, ते चिठ्ठीवर दुरुस्त करून देतात. म्हणून फलकावरचा आकडा आणि अंतिम आकडा यांत फरक पडतो. टीव्हीवर पाहिलेला पहिला आकडा घेऊन भांडू नका.

घटनादुरुस्तीला मात्र मतविभाजन लागतंच. कलम ३६८ प्रमाणे एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश, दोन्ही मोजून दाखवावं लागतं. महिला आरक्षणाचं विधेयक २० सप्टेंबर २०२३ ला लोकसभेत ४५४ विरुद्ध २ असं गेलं, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य. विरोधातल्या दोन मतांपैकी एक आपल्या शेजारचं होतं, तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील यांचं. इतक्या एकतर्फी मतदानातही नावं शोधता येतात, ती मोजणी झाली म्हणूनच.

चुरशीचं बघायचं असेल तर वक्फ (सुधारणा) विधेयक, एप्रिल २०२५ : लोकसभेत २८८ विरुद्ध २३२, राज्यसभेत १२८ विरुद्ध ९५. किंवा 'एक देश, एक निवडणूक'ची घटनादुरुस्ती, जिच्या नुसत्या पुरःस्थापनेलाच १७ डिसेंबर २०२४ रोजी मतविभाजन मागितलं गेलं आणि २६९ विरुद्ध १९८ अशी मतं पडली. ते मंजूर झालेलं नव्हतं बरं का. मांडायला परवानगी मिळाली आणि ते संयुक्त संसदीय समितीकडे गेलं. गल्लीत मात्र त्या रात्री 'पास झालं' म्हणून फटाके वाजले.

खासदाराला मनाप्रमाणे मत देता येत नाही का?

व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षादेश, निघाला असेल तर नाही. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनं दहावं परिशिष्ट आलं, त्यालाच आपण पक्षांतरबंदी कायदा म्हणतो. पक्षादेशाविरुद्ध मत दिलं, किंवा परवानगी न घेता मतदानाला दांडी मारली, आणि पक्षानं पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर खासदारकी जाऊ शकते. त्या १७ डिसेंबरच्या मतदानाला व्हिप असूनही भाजपचे काही सदस्य गैरहजर राहिले, तर पक्षात त्याची लगेच विचारणा झाली.

म्हणून सरकारी विधेयकावरचं मत हे आधी पक्षाचं मत असतं. तुमच्या खासदाराला श्रेय द्या किंवा शिव्या द्या, पण निम्मा हिशेब पक्षाच्या नावे लिहा. विश्वासदर्शक ठराव आणि तशाच मोजक्या बाबी सोडून व्हिप लागूच नये, असं दिनेश गोस्वामी समितीनं १९९० मध्येच सुचवलं होतं. काँग्रेसचे मनीष तिवारी यांनी त्याच धर्तीचं खासगी विधेयक डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. माझं मत विचाराल तर हे व्हायला हवं. शेकडो गावांच्या वतीनं बसलेल्या माणसाला बियाण्याच्या एखाद्या कलमावर तरी स्वतःचं तोंड असावं.

मग खासदाराचं स्वतःचं मत कुठे सापडेल?

खासगी विधेयकात, त्यालाच सभागृहात अशासकीय विधेयक म्हणतात. मंत्री नसलेला कोणताही सदस्य ते मांडू शकतो. लोकसभेत शुक्रवारचे शेवटचे अडीच तास अशासकीय कामासाठी असतात, एका शुक्रवारी विधेयकं, पुढच्या शुक्रवारी ठराव. शुक्रवारी दुपारी विमानं धरायची घाई असते, त्यामुळे बाकं विरळ झालेली दिसतात.

स्वातंत्र्यानंतर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली, आणि शेवटचं १९७० मध्ये. म्हणून काही जण याला वेळेचा अपव्यय म्हणतात. ते पटत नाही. हातकणंगल्याचे तेव्हाचे खासदार राजू शेट्टी यांनी २०१८ मध्ये शेतकऱ्यांची कर्जमुक्ती आणि हमीभाव यांवर दोन विधेयकं मांडली. ती मंजूर झाली नाहीत, पण 'हमीभावाला कायद्याचा आधार द्या' ही मागणी कलमांच्या भाषेत कागदावर आली. फिरोज गांधींचं संसदेच्या वृत्तांकनाला संरक्षण देणारं विधेयक तर १९५६ मध्ये कायदाच झालं.

उलटा घोळही होतो. सुप्रिया सुळे यांचं 'कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क' देणारं विधेयक २०१८ मध्ये मांडलं गेलं, २०२५ च्या हिवाळी अधिवेशनात पुन्हा मांडलं गेलं, आणि दोन्ही वेळा लोकांनी 'आता साहेबाचा फोन घ्यायची गरज नाही, कायदा आला' असे मेसेज पुढे ढकलले. मांडलं म्हणजे मंजूर नव्हे.

रावेरच्या खासदारांच्या नावापुढे प्रश्न, खासगी विधेयकं सगळं रिकामं का दिसतं?

रक्षा खडसे जून २०२४ पासून युवक कल्याण व क्रीडा खात्याच्या राज्यमंत्री आहेत. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. खासगी विधेयक मांडत नाहीत. हजेरीच्या वहीत सहीही करत नाहीत. म्हणून खासदारांची कामगिरी मोजणाऱ्या संकेतस्थळांवर मंत्र्यांचे रकाने कोरे असतात. त्यावरून 'एकही प्रश्न विचारला नाही' असं कार्ड बनवणं हा खोडसाळपणा आहे. त्यांचा हिशेब खात्याच्या कामावर मांडा. त्याच खात्याचं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन विधेयक ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं.

मनमाड–इंदूर रेल्वेचं विधेयक कधी पास झालं?

असं विधेयकच नाही. ३०९ किलोमीटरच्या या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीनं २ सप्टेंबर २०२४ रोजी मान्यता दिली, अपेक्षित खर्च १८,०३६ कोटी रुपये. धुळे, नरडाणा, शिरपूरकडची मंडळी ज्याची पिढ्यान्‌पिढ्या वाट बघत होती तो निर्णय मंत्रिमंडळाच्या बैठकीत झाला, सभागृहात मत पडून नव्हे. पैसा मात्र दरवर्षी अर्थसंकल्पातून येतो, आणि तो देणारं विनियोजन विधेयक संसदेतच मंजूर होतं. म्हणजे खासदाराचा हात लागतो, पण वळसा घेऊन. रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प २०१७ पासून बंद झाल्यावर रेल्वेवरची चर्चा अनुदान मागण्यांच्या वेळी होते. भुसावळ विभागाचं काय बोलले ते तिथे शोधा.

रेल्वे (सुधारणा) विधेयक नावाचं एक खरंच आलं होतं, डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत मंजूर झालं. त्याचा विषय रेल्वे बोर्डाचा कायदेशीर आधार. कुठल्याही मार्गाचा त्यात उल्लेख नाही.

केळीचा पीक विमा, कापसाचं बियाणं, यांचं काय?

केळीचा हवामानावर आधारित फळपीक विमा ही योजना आहे. किती अंश तापमान किती दिवस, वाऱ्याचा वेग किती, हे निकष शासन निर्णयात ठरतात. त्यासाठी खासदारानं पाठपुरावा केला तर तो पाठपुरावा म्हणा, कायदा म्हणू नका.

बियाणं मात्र खरोखर संसदेचा विषय आहे. आज चालू असलेला बियाणे कायदा १९६६ चा. नवं विधेयक २००४ मध्ये राज्यसभेत आलं आणि वर्षानुवर्षं पडून राहिलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये कृषी मंत्रालयानं नवा मसुदा जाहीर करून लोकांच्या सूचना मागवल्या. जूनच्या तोंडावर बोगस पाकिटं घेऊन फसणाऱ्या चोपडा-यावल-शिंदखेड्याच्या कापूस उत्पादकाला याच्याइतकं जवळचं विधेयक क्वचित सापडेल. पाकिटातलं बी उगवलं नाही तर भरपाई कोण देणार, किती दिवसांत, तक्रार कुठे करायची, हेच खरे मुद्दे. खासदार गावात आले की हारतुऱ्यांच्या आधी विचारा : मसुदा वाचला का, आणि भरपाईच्या तरतुदीवर तुमचं म्हणणं काय?

थोडी गुंतागुंत आहेच. शेती हा विषय राज्यसूचीत आहे, आणि कापूस बियाण्याच्या पुरवठ्या-विक्रीवर महाराष्ट्राचा २००९ चा स्वतःचा कायदा आहे. म्हणून आमदारालाही सोडू नका.

सातपुड्यातल्या वनजमिनींबद्दल संसदेत काही होतं का?

होतं, आणि त्याची बातमी धडगाव-मोलगीपर्यंत उशिरा पोहोचते. २०२३ चं वन (संवर्धन) सुधारणा विधेयक घ्या. ते स्थायी समितीऐवजी संयुक्त समितीकडे गेलं. समितीनं मसुदा तसाच ठेवला, विरोधी पक्षांच्या काही सदस्यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या. जुलैअखेर लोकसभेत आणि ऑगस्टच्या सुरुवातीला राज्यसभेत ते आवाजी मतदानानं मंजूर झालं. म्हणजे कोणाही खासदाराच्या नावापुढे हिरवा-लाल दिवा नाही. पण समितीचा अहवाल आणि भिन्नमतपत्रिका नावानिशी छापलेल्या आहेत. ज्या गावांचे २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे प्रलंबित आहेत, त्यांनी त्या वाचाव्यात. भाषा किचकट आहे, पण एखाद्या वकिलाला घेऊन बसलं तर दोन तासांत उलगडते.

पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, १९९६ चा आणि केंद्राचाच. नंदुरबारच्या बऱ्याचशा भागाबरोबर धुळ्यातल्या साक्री-शिरपूरची आणि जळगावातल्या चोपडा-यावल-रावेरचीही काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. पण त्याचे नियम राज्य करतं. अंमलबजावणीची तक्रार दिल्लीत नेऊन उपयोग कमी.

जनसुरक्षा विधेयकाला आमच्या खासदारानं पाठिंबा दिला का?

ते राज्याचं विधेयक, जुलै २०२५ मध्ये मुंबईत विधानसभा आणि विधान परिषदेत मंजूर झालं. खासदारांचा त्यात संबंध नाही.

ॲड. उज्ज्वल निकम जळगावचे. ते राष्ट्रपतिनियुक्त आहेत, मग त्यांना मत आहे का?

आहे. जुलै २०२५ मध्ये त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली. नियुक्त सदस्य विधेयकांवर बोलतात आणि मतही देतात. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत तेवढं मत नसतं.

खासदार लोकसभेत अहिराणीत बोलू शकतो का?

मराठीत सहज. आठव्या परिशिष्टातल्या भाषांसाठी दुभाष्यांची सोय आहे. अहिराणी त्या परिशिष्टात नाही. पण कलम १२० प्रमाणे ज्याला हिंदी-इंग्रजीत नीट मांडता येत नाही, त्याला पीठासीन अधिकारी मातृभाषेत बोलायची परवानगी देऊ शकतात. भाषण हिंदीत करून एखादं वाक्य अहिराणीत टाकलं तर टाळ्या मिळतात आणि रीलही चालतं. अहिराणीला परिशिष्टात घ्यायचं असेल तर घटनादुरुस्तीचं विधेयक लागेल, आणि तसं खासगी विधेयक मांडायला कोणालाही अडचण नाही.

अधिवेशन संपलं आणि विधेयक राहिलं तर?

अधिवेशन संपल्यानं विधेयक मरत नाही, पुढच्या अधिवेशनात चालू राहतं. लोकसभाच विसर्जित झाली की मात्र लोकसभेत पडून असलेली, आणि लोकसभेनं मंजूर करून राज्यसभेत अडकलेली विधेयकं व्यपगत होतात. राज्यसभेत मांडलेलं आणि लोकसभेत न आलेलं टिकतं. २००४ चं बियाणे विधेयक लोकसभा बदलत गेल्या तरी यादीत राहिलं, ते याच नियमामुळे.

हे सगळं घरबसल्या कुठे तपासायचं?

संसदेच्या 'संसद डॉट इन' या संकेतस्थळावर. लोकसभा निवडा, 'वादविवाद' उघडा, तारीख टाका. मतविभाजन झालं असेल तर त्या दिवसाच्या वृत्तांतात बाजूच्या आणि विरोधातल्या सदस्यांची नावं छापलेली असतात. आधी असंशोधित प्रत येते. चिठ्ठीवर केलेल्या दुरुस्त्या तळटीपेत असतात, त्या सोडू नका, कारण नेमकं आपल्याच माणसाचं नाव तिथे असू शकतं. नावाचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं असतं, म्हणून आडनावानं शोधा. भाषण ऐकायचं असेल तर संसद टीव्हीचा यूट्यूब चॅनेल आहे. खासदारानं विचारलेले प्रश्न आणि मांडलेली खासगी विधेयकं एका जागी हवी असतील तर पीआरएस या संस्थेचं पान सोयीचं पडतं.

आमचं म्हणणं विधेयकात कसं जाईल?

मत पडायच्या दिवशी काही होत नाही, तोवर व्हिप निघालेला असतो. आधीच्या दोन जागा बघा. पहिली, मसुद्याची. केंद्राच्या २०१४ च्या धोरणाप्रमाणे मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो. दुसरी, समितीची. विधेयक समितीकडे गेलं की सूचना मागवणारी जाहिरात वर्तमानपत्रांत येते, आणि समितीला पाठवलेलं निवेदन तिच्या कागदपत्रांत जमा होतं.

निवेदन लिहिताना 'शेतकऱ्यांवर अन्याय होत आहे' असं मोघम नको. कलमाचा क्रमांक, त्यातले खटकणारे शब्द, त्याऐवजी हवे ते शब्द, आणि गावातलं एक उदाहरण बिलाच्या झेरॉक्ससह. मराठीत लिहिलं तरी चालतं. एक प्रत खासदाराच्या संपर्क कार्यालयात द्या आणि पोच घ्या. पोच देताना तिथला मुलगा नुसती सही करेल, त्याच्याकडून शिक्का आणि आवक क्रमांकही घ्या.